एका गुणाने हुकलेला बोनस: रिव्ह्यूंच्या सरासरीने गेम उद्योगात नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आहे: मेटाक्रिटिकसारखी संकेतस्थळं सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढून जो एक आकडा दाखवतात, त्याने गेम उद्योगात खरंच काही बदलतं का, की तो नुसता चाहत्यांच्या भांडणाचा विषय आहे? आणि छोट्या स्टुडिओने पब्लिशरच्या, म्हणजे पैसा लावून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, करारात स्कोअरची अट मान्य करावी का?

मी 17 वर्षं गेम प्रोड्यूसर आहे, त्यातली बहुतेक स्टुडिओच्या बाजूने. वेळापत्रक, पैसा आणि पब्लिशर या तिघांची मर्जी सांभाळणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं वाटेल, आणि ते तसं आहेच. परिणाम होतो, भरपूर होतो, पण लोकांना वाटतं तिथे नाही. गेम घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला तो आकडा उपयोगीच पडतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी उलथापालथ होते ती गेम बाजारात येण्याच्या दोन वर्षं आधी, करार लिहिताना आणि गेममध्ये काय ठेवायचं, काय कापायचं हे ठरवताना.

आधी तो आकडा बनतो कसा ते बघू. गेमरँकिंग्ज 1999 मध्ये सुरू झालं, मेटाक्रिटिक 2001 मध्ये. दोन्हींची मूळ कल्पना साधी आणि चांगली होती: वीस ठिकाणी वीस रिव्ह्यू वाचण्याऐवजी एका पानावर सगळे बघा. मेटाक्रिटिकवर गेमला स्कोअर मिळायला किमान चार रिव्ह्यू लागतात. 75 आणि वर हिरवा, 50 ते 74 पिवळा, त्याखाली लाल. इथपर्यंत ठीक. पण ही साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. कोणत्या प्रकाशनाच्या मताला जास्त वजन आणि कोणाच्या मताला कमी, हे ते संकेतस्थळ ठरवतं आणि कोणालाही सांगत नाही. 2013 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एका संशोधकाने ही वजनं उलट्या गणिताने काढून मांडली होती. संकेतस्थळाने ती साफ चुकीची असल्याचं सांगितलं, पण बरोबर कोणती ते मात्र सांगितलं नाही.

त्यात प्रत्येक प्रकाशनाची मोजपट्टी वेगळी. कोणी 10 पैकी देतं, कोणी 5 तारे, कोणी अक्षरश्रेणी. हे सगळं 100 वर आणताना गमती होतात. पाचपैकी तीन तारे देणाऱ्याच्या मनात ‘बरा आहे, खेळून बघा’ असं असतं, पानावर त्याचे 60 होतात. अक्षरांचं तर विचारूच नका. ‘बी मायनस’ म्हणजे शाळेत घरी न घाबरता दाखवण्याजोगी श्रेणी, तिचं रूपांतर 67 मध्ये होतं. आणि ‘सी’चं 50 मध्ये. गेमच्या जगात 67 म्हणजे पडेल माल, कारण इथे मोजपट्टीचा खालचा अर्धा भाग कोणी वापरतच नाही. 70 म्हणजे सुमार, 80 म्हणजे ठीक, 90 म्हणजे चांगला, असं हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात बसलं आहे. शंभरात सत्तर मिळवलेल्या गेमच्या दिग्दर्शकाला लोक सांत्वनाचे मेसेज पाठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता आमची एक रात्र सांगते. पब्लिशरचं नाव घेत नाही, करारही जुना झाला. आमच्या कराराच्या एका परिशिष्टात लिहिलं होतं की स्कोअर 80 किंवा जास्त आला तर बोनस. टीममधल्या प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन महिन्यांचा पगार आला असता. एम्बार्गो, म्हणजे रिव्ह्यू छापायला परवानगी मिळण्याची वेळ, संध्याकाळची होती. कोणीच घरी गेलं नाही. आमच्या एका टेस्टरने वहीत तक्ता आखला: प्रकाशन, स्कोअर, चालू बेरीज. पहिले चार रिव्ह्यू आले आणि पानावर 84 दिसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग 82. मग बराच वेळ 81. रात्री उशिरा एका समीक्षकाने 60 दिले. त्याने लिहिलं होतं की अकराव्या तासाला त्याची सेव्ह फाइल खराब झाली आणि त्याला पहिल्यापासून खेळावं लागलं. तो बग आम्हाला माहीत होता. त्याचा पॅच तयार होता आणि तिसऱ्या दिवशी खेळाडूंपर्यंत पोचणार होता. म्हणजे वरातीमागून घोडं.

आठवड्याने वहीतली बेरीज अशी होती: 40 रिव्ह्यू, 3184 गुण, सरासरी 79.6. पानावर आकडा होता 79. वजनं धरून तो तसा आला असणार, पण ते तपासायची सोयच नव्हती आणि करारात फक्त ‘पानावर दिसणारा स्कोअर’ एवढंच लिहिलेलं होतं. बोनस गेला. पब्लिशरच्या बाजूने आमच्याशी बोलणारा माणूस चांगला होता, त्याला मनापासून वाईट वाटलं. पण त्याच्याही हातात काही नव्हतं, कारण त्याच्यासमोरही तोच आकडा होता.

हे आमच्याच नशिबी आलं असं नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’चं. 2010 चा गेम, ऑब्सिडियनने बनवला, बेथेस्डाने आणला. ऑब्सिडियनच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी 2012 मध्ये जाहीर सांगितलं की स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळाली होती, रॉयल्टी नव्हती, आणि बोनस होता तो मेटाक्रिटिकवर 85 मिळाले तरच. मिळाले 84. आज तो गेम भूमिका-खेळांच्या कोणत्याही चांगल्या यादीत असतो. त्या 84 चं आता कोणाला काही वाटत नाही, पण त्या वर्षी तो एक गुण पैशात मोजला गेला.

2012 मध्येच एका खटल्यामुळे बंजी हा स्टुडिओ आणि अ‍ॅक्टिव्हिजन हा पब्लिशर यांचा करार उघड झाला. त्यात ‘डेस्टिनी’ला गेमरँकिंग्जवर 90 मिळाले तर 25 लाख डॉलरचा बोनस असं कलम होतं. 2014 मध्ये गेम आला, तुफान विकला गेला आणि स्कोअर राहिला 75 च्या आसपास. 2012 मध्येच इरॅशनल गेम्स या स्टुडिओने एका डिझाइन मॅनेजरच्या पदासाठी जाहिरात दिली, तिच्यात 85 किंवा जास्त स्कोअर असलेल्या किमान एका गेमवर काम केल्याची अट होती. म्हणजे तुम्ही कोणत्या टीममध्ये होतात, कोणत्या महिन्यात पैसे संपले, पब्लिशरने तारीख किती वेळा अलीकडे ओढली, यातलं काहीही तुमच्या हातात नसलं तरी तो आकडा तुमच्या बायोडेटाला चिकटला. 2011 मध्ये तर मेटाक्रिटिकने एकेका डेव्हलपरच्या नावासमोर त्याच्या गेम्सची सरासरी दाखवायला सुरुवात केली होती. ओरड झाल्यावर ते काढलं, नाहीतर आज लग्नाच्या स्थळातही विचारलं गेलं असतं.

पब्लिशर असं का करतात? दुष्ट असतात म्हणून नव्हे. दोन-तीन वर्षं कोणाच्या तरी हातात मोठी रक्कम द्यायची आणि शेवटी हाती काय येईल ते माहीत नाही, अशा धंद्यात ‘दर्जा’ या शब्दाला मोजमाप लागतंच. विक्रीवर बोनस द्यायचा तर विक्री जाहिरातीवरही अवलंबून, आणि जाहिरात पब्लिशरच्या हातात, म्हणून स्टुडिओही कुरकुरतो. त्यात बाहेरच्या तिसऱ्याने काढलेला, फुकटात मिळणारा, दोघांनाही सहजासहजी हातचलाखी न करता येणारा आकडा समोर होता. 2004 मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या गेम विभागाने वेगळ्या दिशेने तोच विचार केला होता. चित्रपटांचे हक्क घेऊन वाईट गेम काढणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून, स्कोअर 70 टक्क्यांच्या खाली गेला तर जास्त रॉयल्टी भरा, असं त्यांनी जाहीर केलं. हेतू वाईट म्हणता येणार नाही. चित्रपटाच्या नावावर काय काय खपवलं जायचं ते आठवा.

शिवाय शेअर बाजार. विश्लेषकाला गेम खेळायला वेळ नसतो, आकडा वाचायला असतो. 2007 मध्ये ‘बायोशॉक’चे पहिले रिव्ह्यू आले आणि त्याच्या पब्लिशरचा, टेक-टूचा, शेअर उसळला. त्याच वर्षी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये अ‍ॅक्टिव्हिजनच्या अंतर्गत अभ्यासाबद्दल छापून आलं: 80 च्या वर प्रत्येक पाच गुणांमागे विक्री सुमारे दुप्पट होते. हे वाक्य मी नंतर किमान तीन वेगवेगळ्या बैठकींत, तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून, स्रोत न सांगता ऐकलं आहे. पण यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ज्या गेमवर आधीच भरपूर पैसा लावला आहे त्याला घासूनपुसून नीट करायला वेळ मिळतो, त्याचीच जाहिरात सगळीकडे असते, आणि त्यालाच रिव्ह्यू चांगले येतात. स्कोअरने विक्री वाढली की पैशाने दोन्ही वाढवलं? ‘ओकामी’ला 93 मिळाले होते, विक्री बेताची झाली, आणि तो बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ 2007 मध्ये बंद झाला. मोबाइलवरचे सगळ्यात जास्त पैसे कमावणारे गेम तर या पानांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

स्कोअरचा खेळणाऱ्यावर परिणाम होतच नाही असंही नाही. 2010 मध्ये ईईडीएआर ही संशोधन कंपनी आणि सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी यांनी एक छान प्रयोग केला. लोकांना ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ खेळायला दिला. काहींना आधी चांगले रिव्ह्यू दाखवले, काहींना वाईट, काहींना काहीच नाही. मग त्यांनाच गुण द्यायला सांगितले. चांगले रिव्ह्यू पाहिलेल्यांनी सरासरी 85 दिले, वाईट पाहिलेल्यांनी 71. गेम तोच, तेवढाच. थोडक्यात, स्कोअर नुसता चव सांगत नाही, तो चवीत मिसळतो.

आता मूळ मुद्दा. आकडा करारात शिरला की तो डिझाइनच्या बैठकीत येऊन बसतो. बाहेरच्यांना ‘मॉक रिव्ह्यू’ हा प्रकार माहीत नसतो. गेम येण्याच्या चार-सहा महिने आधी पब्लिशर अनुभवी लोकांना, अनेकदा पूर्वी समीक्षक असलेल्यांना, पैसे देऊन अपुरा गेम खेळायला लावतो. ते गुप्ततेच्या करारावर सही करतात, खेळतात आणि अंदाज लिहून देतात: हा गेम 77 ते 80 मध्ये जाईल. सोबत कारणं. त्यातले बरेच जण हुशार असतात, आणि कितीतरी खऱ्या चुका त्यांनी दाखवल्यामुळे सुधारल्या हे मी मान्य करते. गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यात, जेव्हा तो अहवाल तक्त्यात उतरतो. आमच्या तक्त्यात तीन रकाने होते: ‘त्रुटी’, ‘दुरुस्तीचा खर्च’, ‘अपेक्षित गुण’. म्हणजे कॅमेरा सुधारला तर अर्धा गुण. दुसऱ्या बॉसला, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूला, सोपं केलं तर अर्धा गुण. ‘लांबी कमी’ या त्रुटीसमोर होता पूर्ण एक.

आमचा गेम आठ तासांचा होता आणि तो आठ तासांचाच असायला हवा होता. तरीही आम्ही नकाशावर 60 वस्तू विखरून ठेवल्या, गोळा करायला. त्यांचा कथेशी संबंध नाही, बक्षीस एक पोशाख. त्या 60 जागा मी स्वतः, एका शनिवारी, वरून नकाशा बघत ठरवल्या आहेत. गेममध्ये एक प्रकरण होतं ज्यात खेळाडूने फक्त एका रिकाम्या इमारतीतून चालायचं, काहीच हल्ला करत नाही, रेडिओवर कोणीतरी बोलत राहतं. मॉक रिव्ह्यूमध्ये एकाला ते फार आवडलं आणि दोघांना कंटाळा आला. सरासरीच्या भाषेत याचा अर्थ ‘काढा’. काढलं. ज्या मुलीने ते लिहिलं होतं तिला मी समजावलं की हे गेमच्या भल्यासाठी आहे, आणि त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

सरासरीचा स्वभाव असा आहे. दहा जणांना बरा वाटणारा गेम 80 वर जातो. पाच जणांना जन्मभर आठवेल आणि पाच जणांना अजिबात सोसणार नाही असा गेम 70 वर अडकतो. खेळाडू म्हणून मला दुसरा हवा असतो. बोनसची वाट बघणारी प्रोड्यूसर म्हणून मी पहिला बनवते. वर्षानुवर्षं सगळ्या स्टुडिओंनी हे गणित केलं की काय होतं ते मोठ्या बजेटच्या गेम्समध्ये दिसतंच: नकाशे मोठे, खुणा भरपूर, कोणीही कुठे अडकत नाही आणि कोणाला नंतर काही आठवत नाही. याला एकटा स्कोअर जबाबदार नाही, बजेट वाढली की भीती वाढतेच. पण भीतीला आकडा मिळाला की ती बैठकीत जास्त शहाणी वाटते.

‘डेज गॉन’चे दिग्दर्शक जॉन गार्विन 2021 मध्ये एका मुलाखतीत स्पष्टच बोलले होते की सोनीत मेटाक्रिटिकचा आकडा म्हणजे सर्व काही, आणि 70 मिळवणारा क्रिएटिव्ह डायरेक्टर त्या मालिकेवर फार काळ राहत नाही. ‘डेज गॉन’ला 71 होते.

दुसरी अडचण काळाची. मेटाक्रिटिकचा नियम आहे की प्रकाशनाने दिलेला पहिला स्कोअर धरायचा, नंतर बदलायचा नाही. यामागे कारण आहे आणि ते चांगलं आहे: पूर्वी पब्लिशर समीक्षकांवर दबाव आणून छापून आलेले गुण वाढवून घेत. तो दरवाजा बंद करायला नियम आला. पण चोर सोडून संन्याशाला फाशी असंही झालं. गेमस्पॉट या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळाने ‘नॅचरल सिलेक्शन 2’चा एक रिव्ह्यू तथ्यांच्या चुका असल्यामुळे स्वतःच मागे घेतला, दुसऱ्याकडून नवा लिहून घेतला, 60 च्या जागी 80 दिले. सरासरीत मात्र 60 राहिले. 2013 मध्ये ‘सिमसिटी’ला पॉलिगॉन या संकेतस्थळाने आधी 9.5 दिले. मग सर्व्हर कोसळले, लोकांना गेम सुरूच करता येईना, तेव्हा ते 8 झाले, मग 4, आणि पुढे 6.5. सरासरीने पहिला आकडा धरला.

गेम एकदा डिस्कवर छापून दुकानात गेला की संपला, अशा काळातली ही मोजपट्टी आहे. आता गेम पाच-दहा वर्षं बदलत राहतात. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 मध्ये आला तेव्हा पीसीवर 61 होते आणि शिव्या त्याहून जास्त. हेलो गेम्सने वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले, आणि 2024 च्या शेवटी स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात त्याचं एकूण मत ‘अतिशय सकारात्मक’वर पोचलं. ते 61 तिथेच आहेत. ‘फायनल फँटसी 14’ला 2010 मध्ये 49 मिळाले होते. स्क्वेअर एनिक्सने गेम मोडून पुन्हा उभा केला, 2013 मध्ये नव्या उपनावाने आणला, म्हणून त्याला नवं पान आणि 83 मिळाले. नाव बदललं नसतं तर ती सगळी मेहनत त्या 49 च्या पानाखाली गाडली गेली असती.

पहिल्या दिवसाला एवढं वजन आलं की पहिला दिवस सजवण्याचे उद्योग सुरू होतात. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या वेळी, 2014 मध्ये, अमेरिकेत गेम मध्यरात्री विकायला सुरुवात झाली आणि रिव्ह्यूंवरची बंदी उठली दुपारी बारा वाजता. ‘सायबरपंक 2077’च्या आधी, डिसेंबर 2020 मध्ये, समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली आणि स्वतः खेळतानाचं चित्रीकरण दाखवायची मुभाही नव्हती. पीसीचा स्कोअर 86 च्या आसपास. जुन्या कन्सोलवर गेम कसा चालतो हे लोकांना पैसे भरल्यावर कळलं. प्लेस्टेशन 4 च्या आवृत्तीचा स्कोअर नंतर 57 झाला आणि सोनीने गेम दुकानातून काही महिने काढूनच टाकला. तो गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टमध्येही डेव्हलपरांचा बोनस रिव्ह्यूंच्या गुणांना आणि वेळेवर येण्याला बांधलेला होता. ब्लूमबर्गच्या बातमीप्रमाणे एवढं रामायण झाल्यावर व्यवस्थापनाने ती अट मागे घेतली. निदान तेवढं केलं.

समीक्षकांबद्दल फार लिहीत नाही, तो माझा प्रांत नाही. पण त्यांचेही हाल आहेत. 2017 मध्ये ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ला जिम स्टर्लिंग यांनी 10 पैकी 7 दिले, सरासरी 98 वरून 97 झाली आणि त्यांच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन ते बंद पडलं. सात म्हणजे चांगला गेम! युरोगेमरने 2015 मध्ये गुण देणंच थांबवलं, 2023 मध्ये तारे परत आणले. पॉलिगॉननेही 2018 मध्ये गुण सोडले. मला ते पटतं, पण धंद्याच्या बाजूने त्याचा अर्थ एवढाच होतो की विचार करून लिहिणारे सरासरीतून बाहेर पडतात आणि आत राहिलेल्यांचं वजन वाढतं.

मग खेळाडूंचेच गुण का धरू नयेत? जरूर धरा, पण गर्दीचं गणित वेगळं असतं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ जून 2020 मध्ये आला. समीक्षकांचे 93, आणि पहिल्याच दिवसांत खेळाडूंचे 10 पैकी चारच्याही खाली. गेम 25 तासांच्या आसपासचा, इतक्या लोकांनी इतक्या लवकर संपवला कधी? त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर 36 तास खेळाडूंनी मत नोंदवायचं नाही. स्टीमने दुसरा मार्ग घेतला: मत द्यायला गेम तुमच्या खात्यावर हवा, गुण नाहीत, फक्त शिफारस हो किंवा नाही. 95 टक्क्यांच्या वर आणि पुरेशी मतं असली की सर्वोच्च बिरुद मिळतं. 2016 पासून बाहेरून मिळालेल्या कोडने चालू केलेल्या प्रतींची मतं एकूण टक्केवारीत धरत नाहीत, कारण फुकट कोड वाटून मतं विकत घेणं सुरू झालं होतं. 2019 पासून विषयाशी संबंध नसलेली लाट आली तर ती वगळायची सोय आहे.

आणि लाट कधीकधी रास्तही असते. मे 2024 मध्ये ‘हेलडायव्हर्स 2’च्या पीसी खेळाडूंना सोनीने प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं सक्तीचं केलं. कितीतरी देशांत ती सेवाच नाही. दोन लाखांहून जास्त नकारात्मक मतं पडली आणि तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. मेटाक्रिटिकच्या कोणत्याही आकड्याने इतक्या लवकर कोणाला हलवल्याचं मला आठवत नाही. छोट्या स्टुडिओंसाठी आज स्टीमवरचे ‘अतिशय सकारात्मक’सारखे ते दोन शब्दच जास्त महत्त्वाचे आहेत. माझ्या अलीकडच्या दोन्ही गेम्सच्या वेळी आम्ही सकाळी उठून पहिलं तेच बघत होतो. सवय तीच, फक्त पान बदललं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. अट मान्य करावी का? छोट्या स्टुडिओला नाही म्हणायची चैन परवडत नाही हे मला माहीत आहे. बोनस वरकड असेल, म्हणजे मूळ रक्कम आणि रॉयल्टी नीट असेल आणि हा त्यावरचा घास असेल, तर घ्या. रॉयल्टीच्या ऐवजी असेल तर भांडा. पहिली गोष्ट मागायची ती पायऱ्या. 80 ला सगळं आणि 79 ला शून्य, हा कडा आहे. 75 पासून 85 पर्यंत दर गुणामागे थोडी थोडी रक्कम असं लिहून घेतलं तर पब्लिशरचा एकूण खर्च फारसा बदलत नाही आणि तुमची झोप वाचते. आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा ते मान्य करतात, कारण कोणी विचारलेलंच नसतं.

कोणत्या कन्सोलचा स्कोअर, ते लिहा. एकाच गेमला तीन ठिकाणी तीन आकडे असतात. किमान किती रिव्ह्यू आले की मोजायचं ते लिहा, आणि कोणत्या तारखेला. आमचं पान पहिल्या चार रिव्ह्यूंना 84 होतं हे विसरू नका. साधी सरासरी धरायची असेल तर ओपनक्रिटिक बघा. ते 2015 पासून आहे, गुप्त वजनं लावत नाही आणि किती टक्के समीक्षक शिफारस करतात हेही वेगळं दाखवतं. टेस्टिंग पब्लिशरच्या हातात असेल आणि त्यांनी बग माहीत असूनही तारीख पुढे ढकलायला नकार दिला, तर त्या अटीचं काय, हे एका वाक्यात तरी लिहून घ्या. या वाक्यावर ते सगळ्यात जास्त अडतील.

आणि संकेतस्थळ बंद पडलं किंवा विकलं गेलं तर काय, तेही. हसू नका. गेमरँकिंग्ज डिसेंबर 2019 मध्ये बंद झालं, आणि त्याचं नाव असलेले करार तेव्हा लोकांच्या कपाटात होतेच. मेटाक्रिटिक स्वतः सीनेट, सीबीएस, रेड व्हेंचर्स असं फिरत 2022 मध्ये फँडमकडे गेलं. तुमचा गेम तीन वर्षांनी येणार असेल तर तेव्हा ते पान कोणाचं असेल आणि वजनं कोण ठरवत असेल ते आज तुम्हाला आणि पब्लिशरला, दोघांनाही सांगता येणार नाही.

पूर्णांक कसा करायचा तेही लिहा. आमची ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर टेस्टरने 79.6 भोवती पेनाने गोल केला आहे, आणि खाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात ‘म्हणजे 80 ना?’ असं लिहिलेलं आहे.